नदी आणि आमचा शेजारी



या मंगलप्रसंगी आपल्या दहिसर नदीविषयी दोन शब्द बोलावे, असे आम्हांस वाटते. तुळशी तलावापाशी उगम पावून ती राष्ट्रीय उद्यानातून निर्मळ वाहते. परंतु बोरिवलीची वस्ती लागताच मैलापाणी, गोठ्यांचे शेण व आपला केरकचरा तिच्यात मिसळतो, आणि ते सर्व मनोरीच्या खाडीत, कोळीबांधवांच्या जाळ्यांपर्यंत जाते.

‘रिव्हर मार्च’ चळवळीतील स्त्रीपुरुषांनी धर्मभेद न मानता या नदीची सेवा आरंभिली. ज्यास लोक नाला म्हणत, त्यास ते पुनश्च नदी म्हणू लागले. तिच्या काठाने मुलाबाळांसह आनंदाने फिरणे, हाही त्या सेवेचाच भाग होय. कारण जिच्यावर प्रीती जडली, तिच्यात घाण टाकण्यास हात धजत नाही.

दिवंगत पोपमहाशय फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या पत्रात पृथ्वीस सर्वांचे सामायिक घर म्हटले. शेजारी कोण, हे प्रभूने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याने शिकविले. तर मग प्रवाहाच्या खालच्या अंगास राहणाराही आमचा शेजारीच नव्हे काय? एक दिवस काठ झाडून हे ऋण फिटत नाही. आमच्या घरची घाण नदीत जाणार नाही, असा निश्चय प्रत्येक कुटुंबाने आज वेदीसमोर करावा.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.