काळी ज्वारी, सरकी आणि विषाचं जनुक
(नागपूर येथील भाषणाचे शब्दांकन)



कणीस भरलेलं असताना पाऊस आला की ज्वारी काळी पडते. व्यापारी मूठभर दाणे हातावर घेतो, तोंड वाकडं करतो आणि भाव पाडतो. मग ती ज्वारी जाते कुठे? बैलाच्या गव्हाणीत आणि आपल्याच तव्यावर. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या २७ गावांत अशी भिजलेली, बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि हगवण लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तपास केला. विष निघालं फ्युमोनिसिन. ते फ्युझेरियम नावाची बुरशी तयार करते.

पण काळा दाणा म्हणजे विषारीच, असं नाही. आणि स्वच्छ दिसणारा दाणा निर्धोकच, असंही नाही. एकाच बुरशीचे काही वाण विष करतात, काही करत नाहीत. डोळ्याला दोन्ही सारखेच. फरक जनुकात असतो. तो ओळखायचा कसा?

मोटारीची कोणती वायर कशाची हे कळत नसलं की आपण एकेक वायर सोडून बघतो. शास्त्रज्ञ तेच करतात. बुरशीच्या पेशीची भिंत विकराने विरघळवायची, उघड्या पेशीत मोडकं जनुक सोडायचं. लाखात एखाद्या पेशीत ते चांगल्या जनुकाच्या जागी बसतं. दुसरी वाट ॲग्रोबॅक्टेरियमची. झाडांना गाठी आणणारा हा जिवाणू आपलं जनुक दुसऱ्याच्या पेशीत घुसवतो. बीटीचं जनुक कपाशीत आलं ते यानेच आणलं! तो बुरशीतही जनुक पोचवतो, हे १९९८ साली नेदरलँड्समध्ये दाखवलं गेलं. १९९९ साली अमेरिकेत फ्युझेरियमचं एक जनुक मोडलं. बुरशी जगली, विष जवळपास बंद झालं. वायर सापडली.

याचा आपल्याला उपयोग काय? सरकीकडे बघा. सरकीवरची पिवळी-हिरवी बुरशी अफलाटॉक्सिन करते. ते ढेपेतून जनावरात आणि तिथून दुधात उतरतं. आपल्या कायद्याने किलोभर दुधात त्याची मर्यादा अर्धा मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात याच बुरशीचा एक बिनविषारी वाण कपाशीच्या रानातच सापडला. नाव एएफ-३६. त्याच्या विषाच्या जनुकात निसर्गानेच एक अक्षर चुकवलंय, हे २००४ साली कळलं. त्यात बाहेरचं जनुक नाही. सुरुवातीला गव्हाच्या मेलेल्या दाण्यावर ही बुरशी वाढवून शेतात टाकत; ती जागा अडवते, विषारी बुरशीला वाढू देत नाही. २००३ साली परवाना मिळाला. आणि तयार कोण करतं? कापूस पिकवणाऱ्यांचं मंडळ!

नागपुरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तिथल्या साहेबांना विचारा: आमच्या काळ्या मातीतले बिनविषारी वाण कोणते? आमच्या सरकीचे नमुने तपासून आकडे गावात कधी सांगणार?

तोवर एवढं करा. ओल्या सरकीची थप्पी लावू नका. ढेप जमिनीवर टेकवून ठेवू नका. काळी ज्वारी वाळवल्याशिवाय पोत्यात भरू नका. भाकरी भाजली की बुरशी मरते, विष मात्र बरंचसं तसंच राहतं.