वस्तीची कला, अनुदानाची वाट

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडीत 1922 साली जन्मलेल्या लोककवी वामनदादा कर्डकांनी आपली गाणी वस्त्यावस्त्यांत नेली. नाशिकच्या वस्त्यांमध्ये आजही भजनी मंडळं आहेत, शाहिरी पथकं आहेत; अडतं ते पैशापाशी.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदान योजनेत नाटक, नृत्य, संगीत, कार्यशाळा आणि महोत्सव यांसाठी साधारण 5 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते; अपवादात्मक प्रकल्पांना ही मर्यादा 20 लाखांपर्यंत वाढवता येते. मात्र हे अनुदान एकट्या कलाकाराला नाही, नोंदणीकृत संस्थेला मिळतं.

म्हणून मंडळाची नोंदणी आधी करा. त्यासाठी नाशिकमधलं धर्मादाय कार्यालय गाठा. मग ‘एनजीओ दर्पण’ या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरही नोंद करा. लेखापरीक्षण झालेले हिशेब, मागच्या कार्यक्रमांचे फोटो, बातम्यांची कात्रणं जपून ठेवा. अर्जात मंडप, ध्वनियंत्रणा, मानधन असा खर्च बाबवार मांडा.

अनुदान हप्त्याहप्त्यानं येतं, त्यामुळे पावत्या आणि पैसे ठरल्या कामासाठीच वापरल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर द्या. पात्रतेच्या अटी आणि मुदत मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहूनच अर्ज भरा.