बंद झोनची हवा जाते कुठे?



सत्कारात मिळालेली शाल मी अजून अंगावरून काढलेली नाही. त्यात विनय वगैरे काही नाही. बरोबर माझ्या डोक्यावर एक डिफ्यूझर आहे आणि त्याचा सगळा झोत मानेवर येतो आहे. मागे मात्र काही जण कार्यक्रमपत्रिकेने वारा घेताना दिसतात. वातानुकूलनवाल्यांच्याच परिषदेत ही अवस्था असेल, तर अध्यक्षाला विषय शोधायला लांब जावे लागत नाही.

मला आज झोनिंगबद्दल बोलायचे आहे. एकाच मशीनची हवा डॅम्पर लावून वेगवेगळ्या भागांना हवी तेव्हा, हवी तेवढी देणे, एवढाच त्याचा अर्थ. ग्राहकाला ही कल्पना लगेच पटते, कारण रिकाम्या खोलीला थंडावा कशाला द्यायचा, हे कोणालाही कळते. आपणही ती उत्साहाने विकतो. पण डिझाइन करताना आपण हिशेब मांडतो तो सगळे डॅम्पर उघडे असतानाचा. माझे म्हणणे उलटे आहे. बहुतेक डॅम्पर बंद असतील, त्या तासापासून डिझाइन सुरू झाले पाहिजे.

आपल्या व्यवसायाला ही सवय का लागली, हे त्याच्या जन्मात पाहता येते. १९०२ मध्ये विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्रणा आखली, तेव्हा प्रश्न कागदाच्या ओलाव्याचा होता. मुंबईत १९३३ मध्ये रीगल चित्रपटगृह उघडले, तेही वातानुकूलित होते. या जागांमध्ये एक मोठे दालन असे आणि त्याचा एक लोड. सगळीकडे एकाच वेळी गर्दी, एकाच वेळी शुकशुकाट. पुढे ब्लू स्टार १९४३ मध्ये आणि व्होल्टास १९५४ मध्ये मुंबईत उभ्या राहिल्या, वातानुकूलन कचेऱ्यांत शिरले, कचेऱ्यांत पार्टिशन आली आणि केबिनची दारे बंद होऊ लागली. आपले डक्ट मात्र अजून एकच मोठे दालन समजून निघतात.

एक साधे ऑफिस घेऊ. पुण्यातली सनदी लेखापालांची फर्म समजा. १० टनांचे डक्टेबल मशीन, टनाला ४०० धरून ४,००० सीएफएम. हॉलला २,०००, चार केबिनना मिळून १,२०० आणि कॉन्फरन्स रूमला ८००. कागदावर बेरीज बरोबर जमते. आता शनिवारी संध्याकाळी स्टाफ गेला, केबिन बंद झाल्या आणि भागीदार मंडळी फक्त कॉन्फरन्स रूममध्ये बसली. उघडा डॅम्पर एक. दोनपैकी एक कॉम्प्रेसर थांबवला तरी उरलेल्या ५ टनांना २,००० सीएफएम हवी, आणि वाट आहे ८०० ची. ब्लोअर जोर लावतो, त्या फाट्यातून दुप्पट हवा रेटली तर दाब चौपट लागतो. ग्रिल शिट्टी वाजवू लागते आणि ताळेबंदावरची चर्चा ओरडून करावी लागते. तरीही कॉइलवरून पुरेशी हवा जात नाहीच. मग कॉइलचे तापमान शून्याखाली उतरते, बर्फ धरतो, बर्फामुळे हवा आणखी कमी होते. शेवटी द्रवरूप रेफ्रिजरंट कॉम्प्रेसरकडे परततो. सोमवारी फोन येतो, 'तुमच्या मशीनला गॅस कमी पडतोय.' तंत्रज्ञ येऊन गॅस भरून जातो. रोग वेगळाच आणि औषध भलतेच.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे बायपास. जास्तीची हवा सप्लायमधून सरळ रिटर्नमध्ये सोडायची. त्याचाही हिशेब करून पाहा. ४,००० पैकी ८०० खोलीत गेली आणि २४ अंशांवर परत आली. उरलेली ३,२०० जशी निघाली तशी, १३ अंशांवर, परत आली. दोन्ही मिसळून कॉइलवर येणारी हवा १५.२ अंशांची. थंड झालेली हवाच आपण मशीनला पुन्हा थंड करायला लावतो आहोत. बर्फ चुकवायला टाकलेला बायपासच बर्फाला आमंत्रण देतो. कॅलिफोर्नियाच्या ऊर्जा संहितेने घरांतल्या झोनिंगमध्ये अशा बायपासवर निर्बंध आणले, ते उगाच नाही.

मला इथे धुळे-नाशिककडची फड पद्धत आठवते. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली ती पाण्याची व्यवस्था. तिच्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली अशी की एका फडात एकच पीक घेतात, म्हणजे सगळ्या फडाची तहान एकसारखी. आपण मात्र पश्चिमेच्या काचेलगतची केबिन आणि आतली अंधारी फाइलरूम एका थर्मोस्टॅटवर टाकतो, कारण दोन्ही 'साहेबांच्या बाजूला' आहेत. दुपारी चार वाजता एक भट्टी होते आणि दुसरीत हुडहुडी भरते. दुसरी गोष्ट सांडमाची. पाटात आलेले पाणी सगळ्यांनी दारे लावली म्हणून थांबत नाही, ते बांध फोडते. म्हणून जास्तीच्या पाण्याला वाट ठेवलेली असते आणि ते नदीनाल्याला मिळते. आपला बायपास दिसतो सांडमासारखा, पण त्यातला माल नदीला जात नाही, पुन्हा बंधाऱ्याच्या तोंडाशी येतो.

तर करायचे काय? सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे झोन कमी करणे. १० टनांच्या मशीनवर सहा झोनचे पॅनेल लावणारा विक्रेता आपला मित्र असेल, पण मशीनचा मित्र नाही. मशीन खाली किती उतरू शकते हे आधी कॅटलॉगमध्ये पाहा आणि सर्वांत लहान झोन तेवढी हवा आवाज न करता घेऊ शकेल असा करा. म्हणजे त्याचा फाटा आणि ग्रिल लोडच्या हिशेबापेक्षा मोठी लागेल. पत्रा जरा जास्त जाईल, तो जाऊ द्या. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आणि वेग बदलणारा ब्लोअर असेल तर हे सोपे होते. जुन्या ठरावीक वेगाच्या मशीनवर डॅम्पर पूर्ण बंद होऊ देऊ नका, थोडी फट राहील असा अडसर ठेवा. आणि कॉन्फरन्स रूमसारखी वेळी-अवेळी चालणारी खोली असेल तर तिला सरळ स्वतंत्र मशीन द्या. झोनिंगवरच्या भाषणात असे म्हणणे काहींना खटकेल, पण प्रत्येक खोलीला झोन करणे म्हणजे कौशल्य, असे मला वाटत नाही.

'डक्टच नको, व्हीआरएफ लावा' असे म्हणणारे मित्र इथे पुष्कळ आहेत. व्हीआरएफ चांगलेच आहे. तिथे हवेऐवजी रेफ्रिजरंट वाटला जातो, म्हणून हा दाबाचा खेळ टळतो. पण ताजी हवा पाइपमधून येत नाही, तिला डक्ट लागतोच, आणि खोलीखोलीत ड्रेनचा उतार सांभाळावा लागतो तो वेगळाच.

मोठ्या इमारतींत एएचयू आणि व्हीएव्ही असतात, तिथे आपण व्हीएफडी बसवून निर्धास्त होतो. पंख्याचा नियम सुरेख आहे. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज ५१ टक्क्यांवर येते. आता प्लँटरूममध्ये जाऊन पॅनेलवरचा आकडा वाचा. कित्येक ठिकाणी तो वर्षानुवर्षे ५० हर्ट्झवर बसलेला दिसेल. कमिशनिंगच्या दिवशी कुणाची तक्रार नको म्हणून स्टॅटिकचा सेट पॉइंट चढा ठेवलेला असतो आणि नंतर त्याला कोणी हात लावत नाही. सेन्सर एएचयूच्या तोंडाशी लावला असेल तर आणखी वाईट. तो मुख्य डक्टच्या साधारण दोन-तृतीयांश अंतरावर हवा. त्याहून चांगले म्हणजे सगळ्या डॅम्परांची स्थिती पाहून सेट पॉइंट ठरू देणे. सर्वांत जास्त उघडलेला डॅम्परसुद्धा अर्धाच उघडा असेल, तर पंखा फुकट दाब तयार करतो आहे. मग दाब उतरवावा. ही रीत आता नवी राहिलेली नाही, पण ती चालू करून देण्याचे पैसे कुणी बीओक्यूमध्ये धरत नाही.

आता रिटर्नकडे येतो. सप्लायचे ड्रॉइंग चार शीट आणि रिटर्न म्हणजे छताला एक बाण, हा आपला रिवाज. फॉल्स सीलिंगची पोकळी रिटर्नसाठी वापरायची असे आपण ठरवतो. नंतर इंटिरियरवाले केबिनमधला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पार्टिशन थेट स्लॅबपर्यंत चढवतात, वर ग्लासवूल भरतात. रिटर्नची ग्रिल छतात तशीच दिसते, पण तिच्यामागे बंद पेटी. केबिन गरम, थर्मोस्टॅट डॅम्पर पूर्ण उघडतो, तरी फरक नाही. हवा बाहेर पडली नाही तर आत कशी येणार? दाराखालच्या फटीवर भरवसा ठेवू नका. ३० इंचांचे दार आणि १ इंचाची फट घेतली, तर ३ पास्कल दाबाला त्यातून जेमतेम ५५ सीएफएम जाते. केबिनला हवी असते ३००. अशा खोलीची परीक्षा सोपी आहे. दार उघडे ठेवल्यावर खोली थंड व्हायला लागली, तर दोष सप्लायचा नाही. पार्टिशनच्या वरून आतून अस्तर लावलेला, एक वळण घेतलेला छोटा ट्रान्सफर डक्ट टाकला की हवाही जाते आणि साहेबांचे गुपितही राहते. तो टाकायचा मात्र पार्टिशन बंद होण्याआधी. ही वेळ साधायला साइट मीटिंगला डक्टवाल्यालाही खुर्ची असली पाहिजे.

कोकणपट्टी आणि मुंबईसाठी एक वेगळा इशारा. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. बंद झोनमध्ये खिडक्यांच्या फटींतून ती हवा शिरते. शेजारची खोली २२ अंशांवर, छतात १३ अंशांची हवा वाहणारा डक्ट आणि त्याच्या इन्सुलेशनचा एखादा सांधा उघडा. मग छतातून पाणी ठिबकते आणि ग्राहक प्लंबरला बोलावतो. पावसाळ्यात झोन पूर्ण बंद करणे ही बचत नव्हे, तिथे थोडी कोरडी हवा चालू राहिलीच पाहिजे. ताज्या हवेतला ओलावा वेगळ्या युनिटने आधीच काढता आला तर उत्तम.

हीटिंगबद्दल थोडक्यात. आपल्याकडे ते क्वचित लागते, पण आपली कितीतरी मुले-पुतणे न्यू जर्सीत, टोरांटोत अशा घरांत राहतात जिथे एकाच डक्टमधून हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड हवा येते. वरचा मजला तापतो, खालचा गारठतो, आणि काटकसरीचे संस्कार असल्याने न वापरलेल्या खोल्यांच्या ग्रिल बंद केल्या जातात. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या अभ्यासाने दाखवले की त्याने डक्टमधला दाब वाढून गळती वाढते आणि वाचवायला जावे तर हातचेही जाते. फर्नेसमधून हवा कमी गेली तर तो तापून लिमिट स्विचवर बंद पडतो. थंड हवेच्या जागी गरम आली तरी दुखणे तेच.

आणि हे सगळे नीट आखल्यावर साइटवर बीम आडवा येतो. मग डक्ट चपटा होतो, एल्बोतल्या व्हेन गळतात, शेवटचे दहा फूट फ्लेक्सिबलने जोडले जातात आणि तो फ्लेक्सिबल ताणून न बसवता उरलेला आत कोंबला जातो. दबलेल्या फ्लेक्सिबलचा अडथळा ताणलेल्याच्या कित्येक पट असतो. पत्र्याचा गेज आयएस ६५५ प्रमाणे आहे की नाही हे आपण काटेकोर तपासतो, पण हा कोंबलेला तुकडा कुणी पाहत नाही, कारण तोवर सीलिंगचा बोर्ड लागलेला असतो.

म्हणून माझी सूचना दोन ओळींची आहे. प्रत्येक झोन केलेल्या कामाच्या ड्रॉइंगवर एक जादा कोष्टक असावे. फक्त सर्वांत लहान झोन उघडा असताना मशीनला किमान किती हवा लागते आणि ती कोणत्या वाटेने जाते, एवढेच त्यात लिहायचे. आणि काम ताब्यात देताना बाकीचे डॅम्पर बंद करून, मॅनोमीटर आणि अॅनिमोमीटर लावून, तो आकडा ग्राहकासमोर मोजून दाखवायचा. बिलाचा शेवटचा हप्ता त्या मोजणीला जोडावा.

टेंडरमध्ये हे कोणत्या भाषेत घालायचे याचा कच्चा मसुदा दुपारच्या सत्रात सर्वांना मिळेल. त्यावर आधी फॅब्रिकेटर मंडळींनी बोलावे, सल्लागारांनी त्यानंतर. आणि मोजणीचा दर कोणी ठरवायचा, हा वाद जेवणाआधी सुरू करू नये, एवढी विनंती.