सव्वासात ते ट्वेल्व्ह एएम

इंग्रजीतली वेळ शिकायची तर पुणे स्टेशनचं वेळापत्रक हाताशी घ्यावं. १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन पुण्याहून ०७:१५ ला सुटते. आपण सव्वासात म्हणतो, इंग्रजीत क्वार्टर पास्ट सेव्हन. संध्याकाळी ती मुंबईहून १७:१० ला निघते. सतरातून बारा वजा केले की टेन पास्ट फाइव्ह. अर्ध्या तासापर्यंत पास्ट, पुढे टू. पावणेआठ म्हणजे क्वार्टर टू एट. हे मराठी माणसाला जड जात नाही, येणाऱ्या तासातून पाव वजा करायची सवय आपल्याला आहेच. दीड-अडीच मात्र विसरा: हाफ पास्ट वन, हाफ पास्ट टू.

खरी अडचण बारक्या शब्दांची. घड्याळाच्या वेळेला ॲट, वाराला नि तारखेला ऑन, महिन्याला नि वर्षाला इन. ॲट सेव्हन, ऑन मंडे, इन जून. सकाळी म्हणजे इन द मॉर्निंग, पण रात्री म्हणजे ॲट नाइट! कारण विचारत बसू नये, सरळ पाठ करावं. ‘परवा’ म्हणताना जपा. डे बिफोर यस्टरडे की डे आफ्टर टुमारो, हे मराठीत क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं.

आणि मध्यरात्र. रात्री बारा म्हणजे ट्वेल्व्ह एएम, आणि तारीख पुढची. शनिवारी रात्री बारा-दहाची गाडी पकडायची, तर तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. रविवारचं तिकीट घेऊन रविवारी रात्री स्टेशन गाठणाऱ्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.