पत्त्यांची वही आणि तिचें कुलूप

पूर्वीं गृहस्थाजवळ नांवपत्त्यांची एक वही असे. ती पेटींत राही, आणि पेटीला कुलूप असलें म्हणजे धनी निश्चिंत होई. आज ती वही मोबाईलमध्यें गेली आहे. घुग्घुससारख्या गांवीं कोळशाच्या खाणी आणि सिमेंट व लोखंडाचे कारखाने यांमुळें परप्रांतांतील माणसें पोटासाठीं येऊन राहिलीं आहेत. तेथें मजूर पुरविणाऱ्या एखाद्या ठेकेदाराच्या मोबाईलमध्यें किती कुटुंबांचे क्रमांक सांठलेले असतात! कोणाचें बिऱ्हाड कोठें, कोणाचे पैसे कोणाच्या खात्यावर जातात, हेंही त्याच वहींत. हा मजकूर वस्तुतः ठेकेदाराचा नव्हे. त्या माणसांनीं तो विश्वासानें दिलेला असतो. वही ठकाच्या हातीं गेली तर त्याचा फोन त्यांच्याच घरीं वाजतो.

रक्षणाचे मार्ग दोन आहेत आणि लोक त्यांची नेहमीं गल्लत करतात. नुसता परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, हें दाराचें कुलूप. दार फोडलें कीं आंतली वही कोणींही वाचावी. दुसरा मार्ग कूटलेखनाचा. त्यांत मजकूरच असा विस्कटून ठेवितात कीं वही हातीं पडूनही वाचतां येऊं नये. मराठी माणसाला ही विद्या नवी नाहीं. विदर्भांतील रिद्धपूर हें ज्यांचें थोर क्षेत्र, त्या महानुभावांनीं आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकें झांकून ठेविल्या. नेहमींच्या अक्षराऐवजीं ठराविक दुसरें चिन्ह, ही त्यांची रीत. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे व भावे या संशोधकांच्या काळांत सकळ लिपीचा उलगडा झाला, आणि मग पोथ्यांमागून पोथ्या वाचतां येऊं लागल्या. रीत कळली कीं सारेंच कळलें!

हें वैगुण्य ओळखूनच केरखॉफ्स यानें १८८३ मध्यें सांगून ठेविलें कीं, रीत शत्रूस ठाऊक झाली तरी बिघडूं नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. २००१ मध्यें अमेरिकेनें प्रमाण ठरविलेली ‘एईएस’ ही पद्धति अशीच आहे. तिची रीत छापून सर्वांस खुली आहे.

हल्लींच्या मोबाईलमधील सांठा बहुधा आपोआप कूटांतच असतो; परंतु तो उघडणारा अंक ‘१२३४’ असेल तर कूट काय करणार? सिमकार्डावरील नांवांना तर हें कूट लागूच नाहीं. तेथें सिमचा निराळा अंक बसवावा लागतो. तो तीनदां चुकला कीं कार्ड अडून बसतें. गूगलकडे गेलेल्या प्रतीची किल्ली गूगलजवळच असते. खरी मेख आणखी एके ठिकाणीं आहे. नांवें दुसऱ्या यंत्रावर नेण्यासाठीं ‘व्हीसीएफ’ फाईल काढितात, ती अगदीं उघडी, साध्या अक्षरांत असते. ती पेनड्राईव्हवर ठेवावयाची तर एईएसनें बंद केलेल्या झिप फाईलींत ठेवावी व मूळ प्रत पुसावी. आणि एखादें फुकट कर्ज देऊं म्हणणारें अ‍ॅप नांवांची यादी मागतें, तेव्हां धन्यानें ‘हो’ म्हटल्यावर कुलूपही व्यर्थ, कूटही व्यर्थ.

अशा झिपचा शब्द विसरल्यास किल्ली करून देणारा लोहार मात्र मिळत नाहीं. म्हणून तो कागदावर लिहून घरच्या पेटींत, मोबाईलपासून दूर ठेवावा.