चाळीतील कांदा आणि वाणाची पारख



शिरूर आणि दौंड या तालुक्यांत उसाचा मान मोठा. परंतु अडीनडीला रोकड देणारे पीक म्हणजे रब्बीचा कांदा. एप्रिलच्या सुमारास सर्वांचाच माल बाजारात येतो आणि भाव बहुधा पडतो. ज्याचा कांदा ऑगस्टपर्यंत टिकतो, त्याला थांबता येते; इतरांना मिळेल तो भाव घ्यावा लागतो. म्हणूनच वाणाची परीक्षा काढणीच्या दिवशी संपत नाही, ती चाळीत पुरी होते.

नाशिक येथे १९९४ साली स्थापन झालेले कांदा व लसूण संशोधन केंद्र १९९८ साली शिरूरच्या शेजारच्या खेड तालुक्यात, राजगुरुनगरला आले. भीमा शक्ती आणि भीमा किरण हे वाण तेथील होत. पिंपळगाव बसवंतचा एन-२-४-१ हा त्यांच्या आधीचा.

असे दोन-तीन वाण एकाच शेतात, एकाच खतपाण्यावर शेजारी लावून पाहावेत. जांभळ्या करप्याकडे लक्ष असावे. फुलकिड्यांनी ओरबाडलेल्या पातीत ही बुरशी सहज शिरते. पात अकाली वाळली की कांदा पोसत नाही. निम्म्या माना पडल्यावर काढणी करावी, पातीसह सुकवावे आणि मान बोटभर ठेवून कापावी. जाड मानेचे, जोडकांदे व डेंगळे वेगळे काढावेत. थोराड कांद्याला भुलण्याची खोड मात्र जुनीच आहे!

मग प्रत्येक वाणाच्या काही जाळीदार पिशव्या तोलून चाळीत ठेवाव्यात आणि दरमहा पुन्हा तोलाव्यात. उन्हाळ्यात वजन घटते ते मुख्यतः पाणी उडाल्याने. पावसाळी दमटपणात काळी बुरशी व सड वाढते. पुढे गारवा आला की कोंब फुटतात. ही तीन प्रकारची नासाडी वेगवेगळी लिहावी. उदाहरणादाखल, एकरी १२० क्विंटल देणाऱ्या वाणाचा ६० टक्के माल टिकला, तर विकायला ७२ क्विंटल उरतो. १०५ क्विंटल देणाऱ्याचा ८० टक्के टिकला, तर ८४ क्विंटल.

नत्राचा उशिरा दिलेला हप्ता किंवा काढणीच्या तोंडावरचे पाणी चांगल्या वाणालाही सडवते. त्याचा दोष वाणावर येऊ नये. तसेच पावसाळा कोरडा गेला, तर कच्चा वाणही टिकल्यासारखा दिसतो. यासाठी निदान दोन हंगामांच्या नोंदी हाती आल्यावरच सगळ्या शेताचे बियाणे बदलावे.