किनाऱ्यावरचे आभाळ आणि आपला कापूस
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कार्तिक लागला की आपण आभाळाकडे बघायचे सोडतो. पाऊस गेला, आता थंडी पडणार, कापूस फुटणार, रब्बीची ज्वारी पोटरीला येणार, असा आपला हिशेब. आभाळाचे काम संपले, आता काम आपले. पण नेमक्या त्याच दिवसांत, यवतमाळपासून सरळ रेषेत साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर, आंध्रच्या किनाऱ्यावर आभाळाचे काम जोरात चालू असते. आज मी त्या किनाऱ्याबद्दल बोलणार आहे. कोरडवाहू कापसाच्या बैठकीत समुद्र कशाला, असे कुणाला वाटेल. पाच-दहा मिनिटे ऐका, मग तुम्हीच ठरवा.

पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, हे आपल्याला माहीत आहे. ऑक्टोबरात वारा फिरतो आणि ईशान्येकडून येऊ लागतो. आपल्याकडे तो जमिनीवरून येतो म्हणून कोरडा. तोच वारा बंगालच्या उपसागरावरून जातो तेव्हा पाणी उचलतो आणि दक्षिणेच्या पूर्व किनाऱ्यावर टाकतो. तमिळनाडूचा वर्षाचा जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. म्हणजे आपण ज्याला अवकाळी म्हणतो, तो तिकडे काळाचा पाऊस आहे.

दुसरी गोष्ट वादळाची. जमीन लवकर थंड होते, समुद्र लवकर थंड होत नाही. पाण्याचे तापमान २६-२७ अंशांच्या वर असले की वादळाला खाद्य मिळते. भर पावसाळ्यात खालचा वारा एका दिशेने आणि वरचा दुसऱ्या दिशेने जोरात वाहतो, त्यामुळे वादळाचा शेंडाच छाटला जातो. पावसाळा संपला की ही ओढाताण कमी होते. म्हणून ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे तिकडचे वादळाचे दिवस. दोन दिवस उत्तरेची कोरडी हवा, स्वच्छ ऊन. तिसऱ्या दिवशी वारा पूर्वेचा झाला की आभाळ भरून येते. रेडिओवर 'कमी दाबाचा पट्टा' हे शब्द ऐकले की तिथला कोळी होडी वर ओढतो आणि भातवाला विळा शोधतो.

कारण याच दिवसांत कृष्णा-गोदावरीच्या मुखाजवळचे भात कापणीला आलेले असते. हा सुपीक मुलूख आहे, कालव्याचे पाणी आहे. कोरडवाहूवाल्याला हेवा वाटावा असे सगळे आहे. पण वर्षाची कमाई शेतात उभी आणि समुद्रात वादळ, हा योग तिथे नेमाने येतो.

१९ नोव्हेंबर १९७७ रोजी कृष्णेच्या मुखाशी दिवीसीमा नावाच्या सखल भागावर वादळ आले. समुद्राची लाट गावांवरून गेली. सुमारे दहा हजार माणसे एका रात्रीत गेली. सपाट बेटावर पळून जायला उंच, पक्की जागा नव्हती. त्यानंतर किनाऱ्यावर पक्के वादळ-निवारे बांधले गेले, रडार आले, उपग्रह आले. आता हवामान खाते तीन दिवस आधी पहिली सूचना देते, दोन दिवस आधी इशारा देते, एक दिवस आधी धोक्याची सूचना देते. ५ डिसेंबर २०२३ रोजी 'मिचौंग' वादळ त्याच किनाऱ्यावर बापटलाजवळ आले. गावे आधीच रिकामी केली होती. १९७७ सारखा संहार झाला नाही. ही मोठी कमाई आहे आणि ती मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

पण भाताचे काय झाले? उभे भात आडवे पडले, कापून पसरलेले पाण्यात गेले. खबर तर शेतकऱ्यालाही तीन दिवस आधी मिळाली होती! मग माणूस वाचला आणि भात का वाचले नाही?

भावांनो, माझे आजचे सांगणे या एका प्रश्नात आहे. माणूस नुसत्या खबरेने वाचला नाही. खबरेच्या मागे निवारा होता, गाडी होती, हलवायला माणसे होती. भाताच्या खबरेमागे काय होते? सगळ्या गावाचे भात एकदम कापायचे तर तेवढे हात नाहीत. कापले तर ठेवायला कोरडी जागा नाही. सरकारी खरेदीत धानाला ओलाव्याची मर्यादा १७ टक्क्यांची. भिजले की मर्यादा ओलांडली आणि व्यापारी म्हणेल तो भाव. हात, जागा आणि गिऱ्हाईक यांपैकी काहीच नसेल तर तीन दिवस आधी मिळालेली खबर म्हणजे तीन दिवस आधीपासूनचे रडणे.

आता आपल्याकडे या. किनाऱ्यावर चढलेले वादळ तिथेच संपत नाही. काही उत्तरेला वळून ओडिशा-बंगालकडे जातात, पण काही पश्चिमेला, वायव्येला आत शिरतात. २८ ऑक्टोबर २०२५ ला 'मोंथा' आंध्रच्या किनाऱ्यावर आले आणि आत वरंगळ भागात मुसळधार पडले. वरंगळ म्हणजे आपल्यासारखाच कापसाचा मुलूख. तेवढा पाऊस आपल्यापर्यंत दरवेळी येत नाही, पण नुसते आभाळ आले तरी पुरते. थंडी पळते. तुरीवर शेंगा पोखरणारी अळी वाढते, हरभऱ्यावर घाटे अळी, ज्वारीवर मावा येऊन चिकटा पडतो. आणि बोंड फुटून लोंबत असताना दोन सरी आल्या तर कापसाची कवडी होते, सरकीला कोंब येतात.

कापसाचाही ओलाव्याचा काटा आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पुरा भाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. वर्षभराची मेहनत चार टक्के पाण्यावर ठरते. तेव्हा मछलीपट्टणच्या समुद्रातले वादळ ही तिकडची बातमी नाही, आपल्या घरची आहे.

कुणी म्हणेल, हवामान खात्याचा अंदाज खरा कधी ठरतो? नोव्हेंबर २०१३ मध्ये याच किनाऱ्यावर सहा दिवसांत दोन वादळे आली. २२ तारखेला 'हेलन' आले आणि त्याने नुकसान केले. मागून 'लहर' आले. समुद्रात ते हेलनपेक्षा जोरदार होते, पण २८ तारखेला किनाऱ्याला लागेपर्यंत विरून नुसता कमी दाब उरला. मग 'लहर'साठी केलेली धावपळ वाया गेली का? किनाऱ्यावरचा माणूस तसे म्हणत नाही. आणि आपला हिशेब तर आणखी सोपा आहे. फुटलेला कापूस आज ना उद्या वेचायचाच आहे. वादळ आले नाही तर आपण मजुरी चार दिवस आधी दिली, एवढेच. आले तर माल वाचला.

म्हणून काही गोष्टी इथेच ठरवू या. आंध्रच्या किनाऱ्याला इशारा लागला की गावात दवंडी द्या, फलकावर लिहा. सावड करून आधी ज्याचा कापूस जास्त फुटला आहे त्याच्या रानात उतरा. दव उठल्यावर, पूर्ण उमललेलीच बोंडे वेचा; अर्धवट बोंडे ओरबाडून प्रत घालवू नका. भिजलेला कापूस कोरड्यात मिसळू नका, वेगळा वाळवा. शाळा, समाजमंदिर, कुणाचा रिकामा वाडा, जिथे छप्पर आहे ती जागा आधी मागून ठेवा.

हे आपल्या हातातले. जे आपल्या हातात नाही ते मागायचे. इशारा लागला त्या तीन दिवसांत खरेदी केंद्र उशिरापर्यंत उघडे राहिले पाहिजे. बाजार समितीत वाळवायला ओटा आणि वर छप्पर पाहिजे. ओलावा मोजायचे यंत्र शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर चालले पाहिजे. किनाऱ्यावर माणसासाठी निवारे बांधता आले, तर मालासाठी निवारा बांधणे अशक्य नाही. १९७७ नंतर तो बांधला गेला, कारण दहा हजार माणसे मेली. कापूस भिजला तर कुणाला दिसत नाही. त्याची मोजदाद आपणच करून पुढे ठेवली पाहिजे. या हंगामात कोणत्या तारखेला आभाळ आले, किती क्विंटल भिजला, किती भाव कमी मिळाला, हे प्रत्येक गावाने वहीत लिहून पुढच्या बैठकीला आणावे. त्या वह्या घेऊनच आपण बोलायला जाऊ.